अतिदक्षता विभागाबाहेरचा कोरा फलक

रात्री दीड-दोनच्या सुमारास अतिदक्षता विभागाचे दार अर्धवट उघडते, सिस्टर आतूनच रुग्णाचे नाव पुकारतात आणि बाहेरच्या बाकांवर पेंगणाऱ्या नातेवाइकांपैकी कोणीतरी धडपडत पुढे होते. हातात एक चिठ्ठी पडते. ‘छातीत इन्फेक्शन वाढले आहे, हायर अँटिबायोटिक सुरू करायचे आहे, खालच्या मेडिकलमधून घेऊन या,’ एवढेच सांगितले जाते. पहिल्या चिठ्ठीवर बहुधा मेरोपेनेम असते. चार दिवसांनी येणाऱ्या दुसऱ्या चिठ्ठीवर कोलिस्टिन किंवा पॉलिमिक्सिन बी. रुग्णाला आणले होते ते दुचाकीच्या अपघातात डोक्याला मार लागला म्हणून, किंवा पक्षाघात झाला म्हणून, किंवा सर्पदंशाने श्वास मंदावत चालला म्हणून. तो मूळ आजार कित्येकदा एव्हाना उताराला लागलेला असतो. येताना फुप्फुसे स्वच्छ होती. मग हे इन्फेक्शन आले कोठून, हे विचारण्याचे त्राण त्या रात्री कोणात नसते, आणि दुसऱ्या दिवशी कोणी विचारलेच तर त्याचे सरळ उत्तर देण्यास आपल्याकडे कोणतेही रुग्णालय बांधील नाही.

माझे म्हणणे असे आहे, की औषधांना न जुमानणाऱ्या या न्यूमोनियाचा उपचार हा कुपीतल्या औषधाचा प्रश्न जितका आहे, त्याहून अधिक तो रुग्णालयाने स्वतःकडचे जंतू, स्वतः वापरलेली औषधे आणि स्वतःच्या परिचारिका मोजून ते आकडे विभागाबाहेरच्या फलकावर लोकांसमोर ठेवण्याचा प्रश्न आहे. हे मोजमाप उघड करणे कायद्याने बंधनकारक होत नाही, तोवर बाजारात येणारी नवी औषधेही जुन्या औषधांच्याच वाटेने जातील.

रुग्णालयात दाखल झाल्यावर ४८ तास उलटून गेल्यानंतर सुरू होणाऱ्या न्यूमोनियाला रुग्णालयजन्य न्यूमोनिया म्हणतात. श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर ४८ तासांहून अधिक काळाने तो उद्भवला, तर तो व्हेंटिलेटरशी निगडित न्यूमोनिया. ती नळी जीव वाचवते, पण खोकला बंद पाडणारीही तीच असते, आणि फुप्फुसाची राखण करणारा पहिला पहारेकरी म्हणजे खोकला. नळीभोवतीच्या फुग्याच्या वरच्या अंगाला लाळ आणि घशातला स्राव साचतो आणि फुग्याच्या सुरकुत्यांतून थेंबाथेंबाने खाली झिरपतो. नळीच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. तोंडातले नेहमीचे निरुपद्रवी जंतू काही दिवसांतच हटतात आणि त्यांच्या जागी त्या विभागातले रहिवासी येऊन बसतात: क्लेबसिएला, स्यूडोमोनास आणि सगळ्यांत चिवट ॲसिनेटोबॅक्टर. हा शेवटचा जंतू खाटेच्या कठड्यावर, मॉनिटरच्या बटणांवर, कोरड्या पृष्ठभागावरही आठवडेच्या आठवडे तग धरतो, आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जायला त्याला माणसाचा हात पुरतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ पासून औषधरोधाची नोंद ठेवणारे प्रयोगशाळांचे जाळे उभारले आहे. त्याच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत ॲसिनेटोबॅक्टरच्या दर दहा नमुन्यांपैकी जवळपास नऊ नमुने मेरोपेनेमसारख्या कार्बापेनेम गटातील औषधांना दाद देत नाहीत आणि क्लेबसिएलाचेही निम्म्याहून अधिक नमुने त्याच वाटेवर आहेत. हे नमुने मुख्यतः मोठ्या शिक्षण-रुग्णालयांतले आहेत, जिथे रुग्ण आधीच दोन-तीन दवाखाने फिरून आणि दोन-तीन प्रतिजैविके घेऊन आलेला असतो, हे लक्षात ठेवायला हवे. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या असंख्य आयसीयूंमध्ये नेमके काय चालले आहे, याचे चित्रच आपल्यापुढे नाही.

आकड्यांकडे पाठ फिरवण्याची आपली सवय जुनी आहे. मार्च २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी भारतीय वैद्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला होता. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात सापडलेल्या २४ कार्बापेनेमरोधक जंतूंपैकी २२ जंतूंत एनडीएम-१ हे कार्बापेनेम औषधे निकामी करणारे विकर (एन्झाइम) निर्माण करणारे जनुक होते, असे त्यांनी सांगितले. त्याची फारशी चर्चा झाली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात याच जनुकावरचा मोठा अभ्यास आला आणि मग सरकारपासून वृत्तवाहिन्यांपर्यंत गदारोळ उठला. पण तो उठला त्या विकराच्या नावात ‘न्यू डेल्ही’ का आहे, यावर. वैद्यकीय पर्यटनाला बट्टा लागेल ही चिंता खरी होती. जंतूची चिंता मात्र नावाच्या चिंतेखाली दबली, आणि मुंबईच्या त्या निबंधाने घराच्या आतूनच दिलेला इशारा पुन्हा कोणी उघडून पाहिला नाही.

उपचाराचा मुळातला पेच असा आहे. नळीतून काढलेल्या कफाचा कल्चर रिपोर्ट, म्हणजे त्यातला जंतू वाढवून ओळखणारा अहवाल, हाती यायला ४८ ते ७२ तास लागतात. रक्तदाब कोसळत असलेल्या रुग्णाकडे तेवढा वेळ नसतो. त्यामुळे पहिला डोस हा नेहमी अंदाजाने द्यावा लागतो. हा अंदाज कशाच्या आधारे बांधायचा? अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या आणि छातीविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१६ मध्ये जी संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांतल्या अगदी सुरुवातीच्या शिफारशींपैकी एक अशी आहे, की प्रत्येक रुग्णालयाने आपला स्वतःचा अँटिबायोग्राम, म्हणजे आपल्याकडे कोणता जंतू किती वेळा सापडतो आणि त्यातले किती टक्के कोणत्या औषधाला दबतात याचा तक्ता, नियमितपणे तयार करावा आणि शक्यतो तो अतिदक्षता विभागापुरता वेगळा काढावा. पहिल्या रात्रीच्या निर्णयाचा सगळा भार या तक्त्यावर आहे. शेजारच्या शहराचा तक्ता इथे चालत नाही. कित्येकदा त्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्याचाही चालत नाही.

आता हा तक्ता नसलेल्या रुग्णालयातला डॉक्टर काय करतो ते पाहा. त्याने साधे औषध निवडले आणि जंतू चिवट निघाला, तर समोरचा रुग्ण हातचा जातो. त्याने सर्वांत भारी औषध निवडले आणि जंतू साधा निघाला, तर समोरचा रुग्ण वाचतो, पण महिनाभराने त्याच खाटेवर येणाऱ्या रुग्णासाठी आणखी निबर झालेला जंतू मागे राहतो. पहिली चूक डोळ्यांसमोर घडते आणि तिचा जाब विचारला जातो. दुसरी कोणाच्याच नावावर लागत नाही. अशा स्थितीत कोणताही समंजस माणूस दुसरी चूक पत्करील, आणि मीही अनेकदा पत्करली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी तर नमुना पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेकडे पाठवला जातो, अहवाल मोबाइलवर येतो, रुग्णाच्या फायलीत लागतो आणि रुग्ण घरी गेला वा दगावला की फाइल दप्तरात जाते. वर्षभराच्या तशा शे-दोनशे अहवालांची बेरीज केली असती, तर पुढच्या वर्षीचा अंदाज अंदाज राहिला नसता. ती बेरीज कोणी करत नाही, कारण ती करण्याचे काम कोणाचेच नसते.

दुसऱ्या चिठ्ठीवरच्या कोलिस्टिनविषयी लोकांत एक गूढ आदर असतो, ‘आता शेवटचे औषध चालू आहे’ असे नातेवाईक एकमेकांना हळू आवाजात सांगतात. हे औषध मुळात १९४०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये सापडलेले आहे आणि मूत्रपिंडाला व मज्जातंतूंना इजा करते म्हणून १९७०च्या दशकात बहुतेक ठिकाणी अडगळीत गेलेले होते. बाकी सगळे संपत चालले म्हणून ते परत बाहेर काढावे लागले. शिरेतून दिलेले कोलिस्टिन फुप्फुसाच्या आत पुरेसे पोहोचत नाही, म्हणजे ज्या जागी त्याची सर्वाधिक गरज, त्याच जागी ते उणे पडते. प्रयोगशाळांसाठी मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०२० मध्ये कोलिस्टिनसाठी ‘संवेदनशील’ हा रकानाच काढून टाकला. अहवाल कितीही चांगला आला, तरी ‘मध्यम’च्या वर जात नाही. तरीही आपल्याकडच्या कित्येक छापील अहवालांत कोलिस्टिनपुढे अजून ‘संवेदनशील’ या अर्थाचे ‘एस’ हे अक्षर दिमाखात उभे असते आणि ते पाहून डॉक्टर व नातेवाईक दोघेही सुटकेचा निःश्वास टाकतात. कोंबड्यांच्या खाद्यात हे औषध मिसळण्यावर भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, हे योग्यच झाले. आयसीयूतल्या वापराची मोजदाद मात्र अजून कोणी मागितलेली नाही.

एक औषध पुरत नसेल तर दोन द्यावीत, हा विचार सहज सुचतो आणि आपल्याकडे तो जवळजवळ रिवाज झाला आहे. इस्रायल, ग्रीस आणि इटलीतल्या रुग्णालयांत ४०६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला नुसते कोलिस्टिन आणि दुसऱ्याला कोलिस्टिनसोबत मेरोपेनेम दिले होते. बहुतेक रुग्णांत जंतू ॲसिनेटोबॅक्टरच होता. दोन्ही गटांत दर चार रुग्णांपैकी सुमारे तीन रुग्णांत उपचार फसला. जोडीच्या औषधाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कुलपाला न लागणारी आणखी एक किल्ली जोडीला फिरवली तरी दार उघडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण बिलात मात्र दोन्ही औषधे येतात.

नवी औषधे आहेत आणि त्यांतली काही खरोखर चांगली आहेत. सल्बॅक्टम-ड्युर्लोबॅक्टम या जोडीला अमेरिकेत मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली ती ॲसिनेटोबॅक्टरच्या रुग्णालयजन्य न्यूमोनियासाठीच; तिच्या चाचणीत २८ दिवसांतले मृत्यू कोलिस्टिनच्या गटात सुमारे ३२ टक्के, तर नव्या औषधाच्या गटात १९ टक्के होते आणि मूत्रपिंडाची इजाही बरीच कमी होती. उलट सेफिडेरोकॉल या दुसऱ्या नव्या औषधाच्या एका चाचणीत ॲसिनेटोबॅक्टरच्या रुग्णांत जुन्या औषधांपेक्षा अधिक मृत्यू आढळले. म्हणजे नवे तेवढे सरस, असा सरसकट नियम इथे लागू होत नाही. सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम ही जोडी ओएक्सए-४८ हे जनुक असलेल्या क्लेबसिएलावर चालते, पण एनडीएम असलेल्यावर चालत नाही. तिथे तिच्याबरोबर ॲझ्ट्रिओनॅम द्यावे लागते. आपल्याकडे या दोन्ही जनुकांचा सुळसुळाट असल्याने जंतूत कोणते जनुक आहे, हे कळल्याविना हजारो रुपयांची कुपी टोचणे म्हणजे अंधारात दगड मारणे आहे. ते जनुक काही तासांत दाखवणाऱ्या चाचण्या उपलब्ध आहेत. मात्र त्या महाग आहेत म्हणून टाळल्या जातात, आणि त्यांच्या कितीतरी पट किमतीची औषधे न बघता दिली जातात.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. भारतासारख्या देशात अडचण औषधांच्या अतिवापराची आहे की औषधे न मिळण्याची? २०१९ सालच्या आकडेवारीवर आधारलेला आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की भारतासह ८ देशांत कार्बापेनेमरोधक जंतूंच्या सुमारे १५ लाख संसर्गांपैकी जेमतेम ७ टक्के रुग्णांना योग्य प्रतिजैविक मिळाले. भारतात हे प्रमाण ८ टक्क्यांच्याही आतच होते. २०१९ मध्येच औषधरोध थेट कारणीभूत ठरलेले सुमारे ३ लाख मृत्यू भारतात झाल्याचा अंदाज आहे. तेव्हा ‘प्रतिजैविके कमी वापरा’ असा सरसकट उपदेश ज्याला योग्य औषध कधी मिळालेच नाही, त्या रुग्णाच्या नातेवाइकांना करणे क्रूरपणाचे ठरेल. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. योग्य औषध न मिळणे आणि चुकीचे औषध पंधरा दिवस चालू राहणे, या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच खाटेवर, एकाच रुग्णाच्या बाबतीत घडतात, आणि दोहोंचे मूळ जंतूची वेळेवर ओळख न पटण्यात आहे.

औषध थांबवण्याच्या बाबतीत तर पुरावा इतका स्पष्ट आहे, की त्याच्याकडे होणाऱ्या दुर्लक्षाचे नवल वाटावे. फ्रान्समधल्या ५१ अतिदक्षता विभागांत ४०१ रुग्णांवर झालेल्या २००३ सालच्या चाचणीने दाखवून दिले, की व्हेंटिलेटरशी निगडित न्यूमोनियात ८ दिवसांचा आणि १५ दिवसांचा उपचार यांत मृत्यूंच्या प्रमाणात फरक नाही. स्यूडोमोनाससारख्या जंतूंत कमी दिवसांच्या उपचारानंतर आजार उलटण्याचे प्रमाण तिथे जास्त दिसले, आणि हेच निमित्त पुढे वीस वर्षे पंधरा दिवसांच्या समर्थनासाठी वापरले गेले. मग नेपाळ, थायलंड आणि सिंगापूर या तीन देशांत, म्हणजे आपल्यासारखेच जंतू असलेल्या विभागांत, ४६१ रुग्णांवर चाचणी झाली. ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ताप उतरला, रक्तदाब सावरला की औषध थांबवायचे, असे ठरलेल्या गटात उपचार साधारण ६ दिवस चालला, दुसऱ्या गटात १४ दिवस. मृत्यू किंवा आजार उलटणे यांचे एकत्रित प्रमाण पहिल्या गटात ४१ टक्के आणि दुसऱ्यात ४४ टक्के होते. औषधांचे दुष्परिणाम मात्र पहिल्या गटात ८ टक्के, तर दुसऱ्यात ३८ टक्के. इतका स्वच्छ निकाल वैद्यकात क्वचित मिळतो.

तरी आपण थांबत नाही. याचे एक कारण निदानातच आहे: नळीतल्या कफात ॲसिनेटोबॅक्टर सापडला म्हणजे न्यूमोनिया झालाच असे नाही, तो तिथे नुसता येऊन राहिलेलाही असू शकतो. एक्स-रेवरची सावली हृदय थकल्यामुळेही येते, पाणी साचल्यामुळेही येते. पण लाल अक्षरांत छापलेला अहवाल समोर असताना ‘याच्यावर उपचार करायचे नाहीत’ असे फायलीत लिहून खाली सही करायला धैर्य लागते, आणि हे धैर्य एकट्या डॉक्टरकडून अपेक्षिणे बरोबर नाही. त्याच्या पाठीशी विभागाचा तक्ता हवा, दररोज फेरीला येणारा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हवा आणि उद्या कोणी जाब विचारला तर ‘आमची ठरलेली पद्धत ही’ असे सांगणारे रुग्णालय हवे.

हा न्यूमोनिया टाळण्याच्या उपायांकडे पाहिले, की सार्वजनिक चर्चेतून नेमके काय निसटते ते कळते. बार्सिलोनातल्या एका चाचणीत १९९९ मध्ये, खाटेची डोक्याकडची बाजू ४५ अंशांत उचललेल्या रुग्णांत संशयित न्यूमोनिया ८ टक्के होता आणि आडवे झोपवलेल्यांत ३४ टक्के. खाट उचलायला पैसे लागत नाहीत. रोज गुंगीचे औषध थोडा वेळ थांबवून रुग्णाला जागे करणे आणि स्वतःहून श्वास घेता येतो का ते पाहणे, याने व्हेंटिलेटरचे दिवस कमी होतात. नळी जितकी लवकर निघेल तितका धोका कमी. आणि दात घासणे! गेल्या दशकभर आपण बेशुद्ध रुग्णांचे तोंड क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या पाण्याने पुसत आलो. २०२२ पासून अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे तसे करू नका म्हणतात, कारण त्यात फायद्यापेक्षा हानीची शंका आहे. त्याऐवजी साधा टूथब्रश. पंधरा चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात नियमित दात घासलेल्या रुग्णांत रुग्णालयजन्य न्यूमोनिया सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळला.

वीस-पंचवीस रुपयांचा ब्रश. पण तो धरणारा हात हवा. तोंडात नळी असलेल्या माणसाचे दात घासणे म्हणजे एका हाताने नळी सांभाळायची, दुसऱ्याने ब्रश फिरवायचा आणि कोणीतरी सक्शन धरायचे; हे एका वेळेचे आठ-दहा मिनिटांचे, दोन माणसांचे काम आहे आणि ते दिवसातून दोनदा तरी करायला हवे. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असावी, ही अतिदक्षता विभागाची सर्वमान्य अपेक्षा आहे. रात्रपाळीला तीन-चार व्हेंटिलेटरमागे एक सिस्टर आणि दोन विभागांमागे एक मावशी अशी स्थिती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ब्रशचे काय होते हे सांगायला नको. अशा वेळी हात धुण्याच्या पाट्या लावणे म्हणजे थट्टाच आहे. दर स्पर्शाआधी व नंतर हात स्वच्छ करायचे म्हटले, तर चार रुग्णांमध्ये धावणाऱ्या त्या मुलीचे निम्मे तास त्यातच जातील, आणि अलार्म वाजत असताना ती आधी अलार्मकडेच धावणार.

या सगळ्याच्या तुलनेत सार्वजनिक पातळीवर आपण केले काय? १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू झाली आणि औषधविक्रेत्यांनी काही प्रतिजैविकांची वेगळी वही ठेवायची, असे ठरले. २०१७ मध्ये औषधरोधाविरुद्धचा राष्ट्रीय कृती आराखडा आला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालकांनी डॉक्टरांना पत्र लिहून प्रतिजैविक लिहिताना त्याचे कारणही लिहावे, अशी विनंती केली. या प्रत्येक पावलात रोख आहे तो दुकानदारावर, सर्दीला गोळी मागणाऱ्या रुग्णावर आणि एकट्या डॉक्टरवर. हे पूर्ण चूक नाही. पण आयसीयूतल्या ॲसिनेटोबॅक्टरने त्याचे शिक्षण नाक्यावरच्या मेडिकलमध्ये घेतलेले नसते. तो त्याच विभागात, त्याच खाटांवर, डॉक्टरच्या सहीने दिलेल्या औषधांत वाढलेला असतो. रुग्णालय ही संस्था म्हणून या चर्चेतून जवळजवळ गायब आहे.

हिशेबही पाहावा. दिवसाप्रमाणे बिल होणाऱ्या खासगी आयसीयूत न्यूमोनिया झाल्याने मुक्काम दहा दिवसांनी वाढला, तर त्याचा तोटा रुग्णाच्या घरच्यांना होतो, रुग्णालयाला नाही. कोणीही डॉक्टर हे मुद्दाम करत नाही, असा आरोप करणे हा अन्याय होईल. मुद्दा एवढाच आहे, की संसर्ग टाळण्यासाठी जास्तीच्या चार परिचारिका आणि एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ नेमणाऱ्या रुग्णालयाला त्याचा मोबदला कुठेच मिळत नाही, आणि न नेमणाऱ्याला त्याची किंमत कुठेच मोजावी लागत नाही. सरकारी योजनांत दर ठरतो तो आजाराचा किंवा शस्त्रक्रियेचा. न झालेल्या संसर्गासाठी त्यात रकाना नाही.

आकडे उघड केल्याने फरक पडतो का? इंग्लंडमध्ये २००१ पासून प्रत्येक सरकारी रुग्णालय-समूहाला मेथिसिलिनरोधक स्टॅफिलोकॉकस या जंतूच्या रक्तसंसर्गाचे आकडे देणे सक्तीचे झाले आणि ते नावानिशी प्रसिद्ध होऊ लागले. २००४ मध्ये सरकारने ते २००८ पर्यंत निम्मे करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, आणि ते गाठलेही गेले. नुसत्या प्रसिद्धीने हे झाले नाही, स्वच्छतेची मोहीम, तपासणी आणि पैसा हे सगळे मागे होते. पण रुग्णालय-प्रमुखाच्या टेबलावर हा विषय पोहोचला तो आकडा वर्तमानपत्रात येऊ लागल्यावर.

अमेरिकेचा अनुभव मात्र सावध करणारा आहे आणि माझ्या बाजूच्या लोकांनी तो नीट वाचायला हवा. तिथे व्हेंटिलेटरशी निगडित न्यूमोनियाचे प्रमाण हा दर्जाचा निकष झाला, आणि रुग्णालयांनी कळवलेले आकडे झपाट्याने खाली आले. काहींनी तर शून्य कळवले. पण २०१६ मध्ये मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेतील रुग्णांच्या नोंदी स्वतंत्रपणे तपासल्या गेल्या, तेव्हा २००५ ते २०१३ या काळात हे प्रमाण दर दहा रुग्णांत एकाच्या आसपास तसेच्या तसे राहिले होते, असे दिसले. न्यूमोनियाचे निदान मतावर अवलंबून असते, आणि मतावर बक्षीस ठेवले की मत बदलते. म्हणून ‘आमच्याकडे न्यूमोनिया किती’ हा आकडा फलकावर लावायला मी सांगणार नाही.

लावायचे ते असे, ज्यात मताला जागा कमी आहे. वर्षभरात व्हेंटिलेटरचे एकूण दिवस किती झाले. अतिदक्षता विभागातून कल्चरसाठी किती नमुने गेले. त्यांत सापडलेल्या प्रमुख जंतूंपैकी किती टक्के कोणत्या औषधाला दबले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ‘राखीव’ गटात असलेली कोलिस्टिनसारखी औषधे रुग्णांच्या दर १,००० दिवसांमागे किती दिवस दिली गेली. आणि रात्रपाळीला एका व्हेंटिलेटरमागे किती परिचारिका होत्या. नमुन्यांची संख्या मुद्दाम मागायची, कारण वाईट निकाल लपवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे नमुनाच न पाठवणे. आणि परिचारिकांचा आकडा हजेरीपटावरून निघतो, तिथे व्याख्येचा खेळ चालत नाही.

यावर डॉक्टर मित्रांचा पहिला आक्षेप असतो, की सर्वांत गंभीर रुग्ण घेणाऱ्या, इतरांनी हात टेकलेले रुग्ण स्वीकारणाऱ्या सरकारी रुग्णालयांचे आकडे सर्वांत वाईट दिसतील. दिसतील, यात शंका नाही. म्हणून पहिली काही वर्षे तुलना दुसऱ्या रुग्णालयाशी नव्हे, तर त्याच रुग्णालयाच्या गेल्या वर्षाशी करावी आणि आकड्यांवरून दंड करू नये. दंड फक्त आकडे न देण्याबद्दल असावा. दुसरा आक्षेप भीतीचा आहे: नातेवाईक हा फलक दाखवून हाणामारीवर येतील. माझा अनुभव याच्या उलट आहे. माणसे चिडतात ती दहाव्या दिवशी अचानक ‘इन्फेक्शन’ हा शब्द कानावर पडल्यावर. नळी घालण्याच्या संमतिपत्रावर सही घेतानाच हा धोका किती, तो टाळायला आम्ही काय करतो आणि तुम्ही काय पाहू शकता, हे सांगितलेल्या घरांनी दहाव्या दिवशी शांतपणे ऐकून घेतल्याचे मी पाहिले आहे. लहान रुग्णालयांकडे प्रयोगशाळा नाही, हा तिसरा आक्षेप खरा आहे. त्यांचे नमुने तपासणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळांकडे त्यांची वर्षाची बेरीज संगणकात तयारच असते, ती परत देण्याची अट त्यांच्यावर घालता येईल.

केरळने २०१८ मध्ये औषधरोधाविरुद्ध राज्याचा स्वतःचा कृती आराखडा केला आणि राज्यपातळीवरचा अँटिबायोग्राम प्रसिद्ध करण्याची प्रथा पाडली. महाराष्ट्राला त्यासाठी नवा कायदाही करावा लागणार नाही. आपल्याकडे खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते आणि त्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे सक्तीचे केलेलेच आहे. त्याच नियमांत वरील पाच आकड्यांची भर घालायची आणि पहिल्या वर्षी ते वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांनी लावायचे, म्हणजे सरकार दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतः करत आहे हे दिसेल. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत संसर्ग नियंत्रण समिती असते, तिची दर महिन्याला बैठक होते आणि तिच्या वहीत यातले बरेचसे आकडे आजही लिहिलेले असतात. समितीच्या सभासदांपलीकडे ती वही कोणी पाहत नाही. ज्या डॉक्टरला रात्री दीड वाजता पहिला डोस ठरवायचा असतो, त्यालाही बहुधा ती कपाटात कोठे आहे हे ठाऊक नसते.